किलोमागे साठ युनिट

२०२१ साली मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रूपवर एक आकडा फिरत होता: सोळा कोटी. मुंबई-पुण्यातल्या काही तान्ह्या मुलांना स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी हा स्नायूंचा आजार होता. त्यावरचं 'झोल्गेन्स्मा' हे एकदाच द्यायचं इंजेक्शन परदेशातून आणायचं होतं आणि त्यासाठी आईवडील लोकवर्गणी गोळा करत होते. अनेकांनी शंभर, पाचशे रुपये पाठवले. आयातीवरचा कर माफ व्हावा म्हणून अर्ज-विनंत्या झाल्या, काहींना माफी मिळालीही. या सगळ्यात प्रत्येकाने एकदा तरी विचारलं असेल, की एवढ्याशा बाटलीत सोळा कोटींचं असतं तरी काय?

त्यावर मिळणारी उत्तरं ठरलेली होती. एक, हे औषध रासायनिक गोळीसारखं नाही, जिवंत पेशींकडून बनवून घ्यावं लागतं. दोन, संशोधनाला अफाट खर्च येतो. तीन, रुग्ण इतके थोडे, की खर्च त्यांच्यातच वाटावा लागतो. तिन्ही ऐकायला पटण्यासारखी आहेत. पण ती २०२१ची नाहीत. तीस वर्षांपूर्वी, १९९१ साली, अमेरिकेत आलेल्या एका औषधाच्या वेळी हीच तीन उत्तरं दिली गेली होती. त्या औषधाच्या बाबतीत ती तपासूनही पाहता येतात, कारण एका सरकारी कार्यालयाने बसून त्याचा हिशेब मांडला होता. आज 'स्पेशालिटी' या सभ्य नावाने ओळखल्या जाणाऱ्या महागड्या जैविक औषधांच्या किमतीची रीत कशी पडली, हे समजून घ्यायचं तर या औषधापासून सुरुवात करायला हवी. त्याचं नाव सेरेडेज.

पाणथरीचा आजार

१८८२ साली पॅरिसमध्ये फिलिप गोशे नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात एका बत्तीस वर्षांच्या बाईचं वर्णन केलं. तिची पाणथरी, म्हणजे प्लीहा, प्रचंड वाढलेली होती. त्याला ती गाठ वाटली. ती गाठ नव्हती, पण आजाराला नाव त्याचं मिळालं.

आपल्या शरीरात जुन्या पेशी रोज मरतात आणि त्यांचा कचरा साफ करण्याचं काम भक्षक पेशी करतात. या कचऱ्यातल्या एका विशिष्ट चरबीचे तुकडे करायला ग्लुकोसेरेब्रोसायडेज नावाचं एन्झाइम लागतं. गोशेच्या रुग्णांमध्ये जन्मतःच त्याची कमतरता असते. चरबी फुटत नाही आणि भक्षक पेशी तिने फुगून बसतात. पाणथरी आणि यकृत वाढतं, पोट पुढे येतं, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. आजार दुर्मीळ आहे. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात त्याचं प्रमाण जास्त आहे, पण भारतासकट सगळीकडे त्याचे रुग्ण सापडतात.

नेमकं हेच एन्झाइम कमी पडतं, हे १९६०च्या दशकाच्या मध्याला रॉस्को ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. ब्रेडी अमेरिकी सरकारच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, नोकरीला होते. पुढचा विचार सरळ होता: जे कमी आहे ते बाहेरून द्यावं. पण आणायचं कुठून? त्यांना ते सापडलं बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेत. इस्पितळात टाकून दिल्या जाणाऱ्या या अवयवात ते एन्झाइम बऱ्यापैकी असतं. १९७४मध्ये वारेतून शुद्ध केलेलं एन्झाइम दोन रुग्णांना दिल्याचा अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला. यकृतातली साठलेली चरबी थोडी कमी झाली होती.

नंतरची कितीतरी वर्षं अडखळण्यात गेली. टोचलेलं एन्झाइम भक्षक पेशींपर्यंत पुरेसं पोचत नव्हतं. एन्झाइमच्या रेणूवर शर्करेच्या साखळ्या असतात. त्यांची टोकं छाटून मॅनोज ही शर्करा उघडी केली, तर भक्षक पेशी त्याला ओळखून आत ओढून घेतात, हे लक्षात आल्यावर गाडी पुढे सरकली. १९८०च्या दशकात हे सुधारलेलं एन्झाइम काही रुग्णांना दिलं गेलं. सर्वांना मात्रा सारखीच. मोठ्या रुग्णांवर फारसा परिणाम दिसला नाही. सुधारला तो एक लहान मुलगा. कारण उघड होतं. त्याचं वजन सर्वांत कमी होतं, त्यामुळे किलोमागे त्याला सर्वांत जास्त औषध मिळालं होतं.

म्हणजे मात्रा वजनावर ठरवायला हवी होती. पुढच्या चाचणीत बारा रुग्णांना दर किलोमागे ६० युनिट, दोन आठवड्यांतून एकदा, असं औषध दिलं. बाराही जणांचं हिमोग्लोबिन वाढलं, पाणथरी लहान झाली. १९९१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाला मान्यता दिली.

पोरकी औषधं

औषध शोधलं सरकारी प्रयोगशाळेने, पण विकलं बोस्टनच्या जेन्झाइम कंपनीने. १९८१मध्ये स्थापन झालेली ही छोटी कंपनी ब्रेडींच्या चाचण्यांसाठी एन्झाइम शुद्ध करून देत असे. १९८३मध्ये हेन्री टरमीर तिथे आले आणि त्यांनी कंपनीचं भवितव्य या एका औषधावर लावलं. त्यांना तसं करता आलं, यामागे त्याच वर्षी झालेला एक कायदा होता.

१९७०च्या दशकात दुर्मीळ आजारांवरची औषधं कोणी बनवायलाच तयार नव्हतं. प्रयोगशाळेत उपयोगी ठरलेलं औषध 'गिऱ्हाईक कमी' म्हणून फडताळात पडून राही. अशा औषधांना 'ऑर्फन', म्हणजे पोरकी, म्हणू लागले. रुग्णांच्या आईवडिलांनी एकत्र येऊन आवाज उठवला. त्यांना मदत मिळाली एका टीव्ही मालिकेची. 'क्विन्सी' या लोकप्रिय मालिकेने या प्रश्नावर भाग केले आणि तिचा नायक जॅक क्लगमन संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेला. ४ जानेवारी १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ऑर्फन ड्रग ॲक्टवर सही केली. दुर्मीळ आजारावर औषध आणणाऱ्या कंपनीला करात मोठी सवलत आणि मान्यतेनंतर सात वर्षं बाजारात मक्तेदारी, ही त्यातली मुख्य कलमं.

मूळ कायद्यात एक अट होती. या औषधाचा खर्च विक्रीतून भरून निघण्याची शक्यता नाही, हे कंपनीने दाखवायचं. पुढच्याच वर्षी, १९८४च्या दुरुस्तीत, त्याऐवजी सोपं माप आलं: अमेरिकेत रुग्ण दोन लाखांहून कमी असले की पुरे. नफ्यातोट्याचा हिशेब दाखवायची गरज उरली नाही. बदल व्यावहारिक होता, कारण न आलेल्या औषधाचा तोटा आधी कोण सांगणार? पण त्यामुळे 'रुग्ण थोडे' आणि 'धंदा तोट्याचा' या दोन वेगळ्या गोष्टी कायद्याने एकच धरल्या. काही पोरकी औषधं भरपूर कमावू लागली, तेव्हा मक्तेदारीला लगाम घालणारी दुरुस्ती संसदेने १९९०मध्ये मंजूर केली. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी तिच्यावर सही केली नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. या कायद्याआधीच्या दशकात दुर्मीळ आजारांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी औषधं आली होती. नंतर शेकडो आली. हा कायदा नसता, तर सेरेडेजही बहुधा फडताळातच राहिलं असतं.

हिशेब

सेरेडेजची किंमत युनिटला साडेतीन डॉलर ठेवली गेली. हे ऐकायला किरकोळ वाटतं. आता गुणाकार करू. रुग्ण सत्तर किलोचा, म्हणजे एका वेळी ४,२०० युनिट. वर्षातून २६ वेळा, म्हणजे १,०९,२०० युनिट. गुणिले साडेतीन: वर्षाला ३,८२,२०० डॉलर. आणि औषध बंद केलं की चरबी पुन्हा साठू लागते, म्हणून हे दर वर्षी, जन्मभर.

पहिलं समर्थन होतं कच्च्या मालाचं, आणि ते खोटं नव्हतं. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला सुमारे वीस हजार वारा लागत. फ्रान्समध्ये इन्स्टिट्यूट मेरियू ही संस्था इतर औषधांसाठी देशोदेशीच्या वारा गोळा करत असे. त्यांच्याकडून हा माल घेऊन एन्झाइम काढलं जाई. असं औषध स्वस्त असणं शक्यच नव्हतं.

दुसरं समर्थन संशोधनाच्या खर्चाचं. इथे अमेरिकी संसदेचं ऑफिस ऑफ टेक्नॉलॉजी असेसमेंट हे कार्यालय आलं. १९९२मध्ये त्याने फक्त या एका औषधावर अहवाल काढला. कारण शोधणं, एन्झाइम शुद्ध करणं, रेणूवरची शर्करा छाटण्याची कल्पना, सुरुवातीच्या चाचण्या, हे बहुतेक सगळं सार्वजनिक पैशांतून झालं होतं. जेन्झाइमचा स्वतःचा संशोधन-खर्च सुमारे तीन कोटी डॉलर निघाला. रक्कम लहान नव्हती, पण काही वर्षांतच या औषधाची वर्षाची विक्री दहा कोटी डॉलरांपुढे गेली.

एक तिसरी गोष्टही पुढे आली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचे अर्नेस्ट बॉयटलर हे गोशे आजाराचे मोठे जाणकार. त्यांनी विचारलं, की किलोमागे ६०च का? त्यांच्या गटाने दोन आठवड्यांतून एकदा मोठी मात्रा देण्याऐवजी आठवड्यातून तीनदा छोटी मात्रा दिली. महिन्याला किलोमागे एकूण ३० युनिट, म्हणजे साधारण एक चतुर्थांश. रुग्ण सुधारले. त्यांनी हे प्रसिद्ध केलं तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांतून जोरदार वाद झाला. जेन्झाइमचं आणि ब्रेडींच्या बाजूचं म्हणणं, मोठ्या मात्रेला पुरावा आहे, रुग्णाशी जुगार नको. बॉयटलरांचं म्हणणं, ६० हा आकडा पहिल्या यशस्वी चाचणीत वापरला म्हणून चिकटला, सर्वांत कमी पुरेशी मात्रा कोणी शोधलेलीच नाही. ॲमस्टरडॅमचे डॉक्टर पुढे कित्येक वर्षं कमी मात्रेवर रुग्ण सांभाळत राहिले. हाडांसारख्या काही बाबतींत मोठ्या मात्रेने फरक लवकर पडतो, असंही दिसलं. वाद पूर्ण मिटला नाही. पण एक लक्षात घ्या: साध्या औषधाच्या बाबतीत मात्रेचा वाद डॉक्टरांपुरता राहतो. इथे मात्रा चौपट म्हणजे बिल चौपट होतं, आणि मात्रा कमी करून पाहण्यात कंपनीला काहीच रस असण्याचं कारण नव्हतं.

वार गेली, किंमत राहिली

१९९४मध्ये खरी परीक्षा झाली. जेन्झाइमने त्याच एन्झाइमची नवी आवृत्ती आणली, सेरेझाइम. आता वारेची गरज उरली नव्हती. चायनीज हॅमस्टर या उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या बीजकोशातल्या पेशींमध्ये मानवी जनुक घालायचं, त्या पेशी मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाढवायच्या आणि त्यांनी बनवलेलं एन्झाइम गाळून घ्यायचं. देशोदेशीच्या प्रसूतिगृहांतून वारा गोळा करणं संपलं. वारेतून संसर्ग येण्याची धास्तीही गेली. हे मोठं काम होतं आणि त्यासाठी कंपनीने कारखाना उभारायला मोठी गुंतवणूकही केली.

किंमत मात्र जिथे होती तिथेच राहिली. पहिलं समर्थन, म्हणजे वीस हजार वारा, नाहीसं झालं तरी त्यावर उभी असलेली रक्कम हलली नाही. आता समर्थन बदललं: हा पैसा पुढच्या दुर्मीळ आजारांच्या औषधांसाठी आहे. ते अगदी पोकळ नव्हतं. जेन्झाइमने पुढे फॅब्री, पॉम्पे अशा आजारांवरची औषधं खरंच आणली. गरीब देशांतल्या काही रुग्णांना कंपनीने औषध फुकटही दिलं. भारतातल्या काही कुटुंबांची मुलं त्या धर्मादाय योजनेवर वाढली. पण २००८ साली एकट्या सेरेझाइमची विक्री १२० कोटी डॉलरांहून जास्त होती, आणि जगभरातले रुग्ण काही हजार. रुग्ण थोडे असणं ही एके काळी अडचण होती. आता तेच धंद्याचं गणित झालं होतं, आणि इतर कंपन्या ते पाहून शिकत होत्या.

मग स्पर्धा आली. २००९च्या जूनमध्ये बोस्टनमधल्या ऑल्स्टन इथल्या कारखान्यातल्या टाकीत विषाणू शिरला. माणसाला तो बाधत नव्हता, पण पेशींची वाढ मंदावली. कारखाना बंद ठेवून धुवावा लागला. जगभरच्या रुग्णांचं औषध एका कारखान्यावर अवलंबून होतं, त्यामुळे मात्रा कमी करणं, पाळ्या चुकवणं भाग पडलं. याच काळात शायर कंपनीचं नवं औषध २०१०मध्ये आणि इस्राएलच्या प्रोटॅलिक्सने गाजराच्या पेशींत बनवलेलं एन्झाइम २०१२मध्ये मान्य झालं. आता बाजारात तिघं होते. नव्यांनी किंमत थोडी कमी ठेवली. मुळापासून पाडली नाही. डोकेदुखीच्या गोळीचे दहा उत्पादक झाले की ती चार आण्यांना मिळते. इथे तसं झालं नाही. प्रत्येकाला पेशी, टाक्या, चाचण्या, मान्यता हे सारं पहिल्यापासून करावं लागतं आणि गिऱ्हाईक तेच काही हजार. शिवाय किंमत काय 'असते' हे आधीच ठरून गेलेलं असतं. २०११मध्ये सनोफीने जेन्झाइम सुमारे दोन हजार कोटी डॉलरांना विकत घेतली.

सरकारच्या हातात काही होतं का? एनआयएच आपल्या संशोधनावर आधारलेल्या करारांत 'वाजवी किमती'चं कलम १९८९पासून घालत असे. कंपन्या सहकार्य करायला कचरतात म्हणून १९९५मध्ये ते काढून टाकलं गेलं. त्याच वर्षी, खर्चकपातीत, सेरेडेजचा हिशेब मांडणारं संसदेचं कार्यालयही बंद झालं.

पन्नास लाखांची मर्यादा

१९९०च्या दशकात अमेरिकी रुग्णांसमोर एक विचित्र भिंत होती. अनेक विमा योजनांमध्ये जन्मभराची मर्यादा असे, पुष्कळदा दहा लाख डॉलर. सत्तर किलोच्या माणसाला ६० युनिटच्या हिशेबाने ही रक्कम तीन वर्षंही पुरत नव्हती. विमा संपत आला की नोकरी बदलायची, नवा विमा घ्यायचा. २०१०च्या आरोग्य कायद्याने अशा मर्यादा घालायला बंदी केली.

भारतात हा प्रश्न न्यायालयात आला तो दिल्लीत. एका सायकलरिक्षा चालवणाऱ्या बापाच्या लहान मुलाला गोशे होता. त्याची भावंडं याच आजाराने गेली होती. त्याचं औषध बापाच्या साऱ्या आयुष्याच्या कमाईतही बसणारं नव्हतं. १७ एप्रिल २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की आजार दुर्मीळ आहे आणि खर्च मोठा आहे म्हणून राज्याला हात झटकता येणार नाहीत. मुलाला औषध मोफत द्यावं. मात्र त्याच निकालात साधनं मर्यादित असल्याची जाणीवही होती.

या आणि अशा खटल्यांच्या रेट्यातून केंद्र सरकारचं दुर्मीळ आजारांचं धोरण तयार झालं. २०१७चं पहिलं धोरण मागे ठेवलं गेलं आणि २०२१मध्ये नवं धोरण आलं. निवडक रुग्णालयांना केंद्रांचा दर्जा मिळाला. मुंबईचं केईएम त्यांतलं एक. २०२२पासून प्रत्येक रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू लागली. याच धोरणात एक वाक्यार्थ असा आहे: दहा किलोच्या मुलाच्या उपचाराचा खर्च, आजाराप्रमाणे, वर्षाला १० लाखांपासून १ कोटीच्याही वर जाऊ शकतो; उपचार जन्मभराचा असतो आणि वय-वजन वाढेल तशी मात्रा व खर्च वाढत जातो.

म्हणजे सगळं लिहिणाऱ्यांना माहीत आहे. पण मर्यादा आहे रुपयांत, आणि आजार आहे किलोंत. सर्वांत कमी खर्च धरला तरी ५० लाख पाच वर्षं पुरतात, तेही मूल दहा किलोचंच राहिलं तर. आणि ते राहत नाही, हेच तर औषधाचं यश आहे. पोट उतरतं, रक्त भरतं, भूक लागते, मूल वाढतं. सरकारवर टीका करणं सोपं आहे. ज्या देशात साधा ताप, क्षय, बाळंतपण यांना पैसा पुरत नाही तिथे एका मुलावर कोटी खर्च करावेत का, हा प्रश्न विचारणारा माणूस दुष्ट नसतो. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न विचारताना आपण किंमत ही निसर्गाने दिलेली गोष्ट समजतो. सेरेडेजचा इतिहास सांगतो, की ती तशी नाही. वारा गेल्या तरी ती उरली, सरकारी संशोधनाचं मोल तिच्यातून कधी वजा झालं नाही, मात्रेचा वाद अर्धवट राहिला आणि स्पर्धकही तिच्याच आसपास थांबले. सोळा कोटींचा आकडा आपल्यापर्यंत पोचला तो याच वाटेने. 'देश एवढा खर्च करू शकेल का?' याच्या आधी 'ही रक्कम आली कुठून?' हे विचारायला हवं, आणि ते विचारण्यासाठी हिशेब मांडणारं एखादं कार्यालय आपल्याकडेही हवं.

बालरोग विभागात डॉक्टरांकडे जाण्याआधी मुलाला काट्यावर उभं करतात आणि आकडा केसपेपरवर लिहितात. एरवी तो वाढला की आई खूश होते. गोशेच्या मुलाची आई तो आकडा दोनदा वाचते: एकदा आनंदाने, आणि एकदा पैसे आता आणखी किती महिने पुरतील हे मनात मोजत.